बिराजदाराइट

आमच्या सरांना एक दगड हवा होता. साधा नव्हे, त्यांचं नाव असलेला. कुणाला बंगला हवा असतो, कुणाला आमदारकी हवी असते, आमच्या घरात दगड. आता बोला.

नवऱ्याला सर म्हणते म्हणून हसू नका. सगळं सोलापूर म्हणतं, मग मीच काय घोडं मारलंय? प्रा. डॉ. बसलिंगप्पा बिराजदार, भूशास्त्र विभागप्रमुख. निवृत्त होऊन जमाना झाला, पण दारावरच्या पाटीत ‘निवृत्त’ लिहायला पेंटरला अजून सवड मिळालेली नाही.

दगडांना नावं कशी पडतात ते मला तोंडपाठ आहे. शिकले नाही मी ते, जेवताना ऐकलं. आमच्याकडं भाकरीला तोंडी लावायला चटणी नसली तरी चालतं, सरांचं व्याख्यान असतंच. नवीन खनिज सापडलं की आधी ते कशाचं बनलंय, आतून कसं रचलंय ते सगळं तपासायचं. जगात दुसरीकडं कुणी ते नोंदवलेलं नाही हे दाखवायचं. मग खनिजांचं एक जागतिक मंडळ आहे, त्यांच्याकडं नाव सुचवायचं. मंडळ हो म्हणेपर्यंत बाहेर कुणापाशी बोलायचं नाही. नाव गुणावरून द्या, गावावरून द्या, माणसावरून द्या, शेवटी ‘आइट’ लावलं की बारसं झालं. आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात असे बारसं झालेले ढीगभर पडलेत आणि त्यांची धूळ मी पुसते. स्टिल्बाइट म्हणजे चमकणारा. स्कोलेसाइट म्हणजे जंत, कारण तापवला की अळीसारखा वळवळतो. ह्यूलँडाइट हे लंडनमधल्या एका दगड विकणाऱ्याचं नाव.

“दगड विकणाऱ्याचं!” सर घास हातात धरून म्हणायचे. “व्यापाऱ्याचं नाव लागतं आणि जन्मभर शिकवलेल्या प्राध्यापकाचं लागत नाही!”

लागणार कसं? सगळ्यात मोठा नियम असा, की आपलं नाव आपण द्यायचं नाही. दुसऱ्या कुणाला तरी तसं वाटलं पाहिजे. ज्या कुणी हा नियम केला त्याला माझा साष्टांग नमस्कार. त्यानं आमच्या सरांना कुठंतरी पाहिलेलं असणार.

मग दुसऱ्या कुणाला तरी तसं वाटावं म्हणून सरांनी काय काय केलं म्हणून सांगू! दगड बघायला सोलापुरात कुणी गोरा माणूस उतरला, की सर त्याला घरी जेवायला घेऊन आलेच. जाताना त्याच्या हातात एक सोलापुरी चादर, शेंगाचटणीचा डबा आणि कपाटातला एक ठसठशीत दगड. देवाला नारळ, तशी गोऱ्याला चादर. चटणी कुटायची मी, डबे बांधायची मी, आणि “माय वाइफ, व्हेरी सिंपल लेडी” म्हणून दारात हात जोडून उभी राहायची तीही मीच. पुढं त्यातल्या एकानं नव्या खनिजाला आपल्या गुरूचं नाव दिलं, एकीनं आपल्या गावाचं दिलं. चादर मात्र कुणी परत पाठवली नाही.

आता माझं नाव सांगते, कारण सगळा तमाशा त्याचाच आहे.

माहेरी मी मल्लव्वा. मंगळवेढ्याच्या पलीकडं आमचं गाव, काळी रानं, ज्वारी, घरात निम्मं मराठी निम्मं कानडी. आजीचं नाव मला ठेवलेलं. लग्न ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “पोरगी पसंत आहे, नाव पसंत नाही. प्राध्यापकाच्या बायकोचं नाव मल्लव्वा? कॉलेजातल्या बायका हसतील.” सरांनी तर कुठल्याशा पुस्तकातून नाव काढूनच ठेवलं होतं. लग्नात तांदूळ पसरलेलं ताट पुढं आलं, सरांनी अंगठीच्या टोकानं त्यात लिहिलं, दाक्षायणी. मला कुणी काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही, तेव्हा कोण बोलायचं? दुसऱ्या दिवशी ते तांदूळ शिजवून पाहुण्यांना वाढले. नाव मात्र मला चिकटलं.

आणि गंमत बघा, एवढं शोधून आणलेलं नाव, पण सरांनी घरात कधी त्या नावानं हाक मारली नाही. “अगं ए.” बस्स. पाहुण्यांसमोर दाक्षायणी, घरात अगं ए. मी ‘हाय’ म्हटलं की लगेच “आहे म्हण, आहे.” मल्लव्वा राहिली ती फक्त रुद्रप्पाच्या तोंडात. रुद्रप्पा म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो फोनवर “मल्लव्वाऽ” अशी हाक मारतो की शेजारच्या फ्लॅटमधली बाईसुद्धा दचकते. त्या हाकेसाठी मी जीव टाकते, खरं सांगते. माहेरी गेले की चार दिवस मी मी असते.

अशीच चार दिवस माहेरी गेले होते तेव्हा रुद्रप्पाच्या विहिरीचं काम चाललं होतं. पाणी आटलं म्हणून सुरुंग लावून विहीर आणखी खाली नेत होते. काठावर दगडांचा ढीग पडलेला. त्यातला एक फुटलेला दगड मी उचलला. आत पोकळी, आणि पोकळीत गव्हाच्या शेवया वाळत घालाव्यात तसे बारीक तंतू, फिकट गुलबट. मला त्यातलं काही कळत होतं अशातला भाग नाही. मला तो आवडला. बाईला एखादी गोष्ट नुसती आवडू शकते, त्याला डॉक्टरेट लागत नाही.

घरी आणला. सरांनी चष्मा वर करून एकदा बघितलं. “कचरा. असलं मेसोलाइट पायलीला पन्नास मिळतं. कपाटात ठेवू नकोस, कपाटाची शोभा जाईल.”

नाही ठेवला. स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. सकाळचं ऊन तिथं येतं.

हेल्गाबाई आल्या त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. या नॉर्वेच्या, खनिजांवर काम करणाऱ्या, पिकल्या केसांच्या, खिसेच खिसे असलेलं जाकीट घालणाऱ्या. सरांनी त्यांना कपाटासमोर उभं केलं ते माझा स्वयंपाक आटपून भाकऱ्या गार झाल्या तरी सोडलं नाही. बाईंचे पाय दुखत असतील, याचं भान कुणाला? शेवटी हात धुवायला म्हणून त्या आत आल्या, आणि खिडकीपाशी थांबल्या त्या थांबल्याच. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. मग मला विचारलं, “हा कुठला?”

“ब्रदर,” मी म्हटलं. “ब्रदर वेल.” आणि हातानं विहीर दाखवली, सुरुंगाचा आवाज तोंडानं काढून दाखवला. बाई हसल्या. मी म्हटलं, न्या. माझा होता, मी दिला.

सरांनी दिलेली दगडांची सजवलेली पेटी बाई हॉटेलात विसरून गेल्या. माझा दगड खिशातून नेला.

बरेच महिने गेले. मग एक दिवस बाईंचा व्हिडिओ कॉल आला. सर टॅबलेट घेऊन सोफ्यावर ताठ बसले. बाई म्हणाल्या, तुमच्या घरून नेलेला दगड नवीन आहे, जगात नोंद नसलेलं खनिज आहे. तपासणी पुरी होत आलीय, नावाबद्दल पुन्हा बोलू, तोवर कृपा करून कुठं बोलू नका.

‘तुमच्या घरून.’ एवढंच सरांनी ऐकलं. फोन ठेवला, डोळे मिटले, आणि हळूच म्हणाले, “बिराजदाराइट.” मग मोठ्यानं म्हणाले. मग आंघोळ करताना म्हणाले. मला तर वाटलं आता झोपेतही म्हणतील, आणि म्हणालेच.

“तो कचरा होता ना?” मी विचारलं.

“मी तसं म्हणालो नव्हतो,” सर म्हणाले. “मी प्राथमिक निरीक्षण नोंदवलं होतं.”

ऐकलंत? प्राथमिक निरीक्षण!

कुठं बोलू नका म्हटल्यावर सरांनी फक्त संगमेशला सांगितलं. संगमेश म्हणजे सरांचा जुना विद्यार्थी. भूशास्त्रात दोनदा नापास, आता क्लासेस चालवतो आणि महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायची वाट बघतो. त्याला सांगणं म्हणजे गावात दवंडी. आठवड्याच्या आत सात रस्त्याला फ्लेक्स लागला. वर सरांचा फोटो, केस काळे होते तेव्हाचा. मागं कोहिनूरसारखा चमचमणारा हिरा, कारण फ्लेक्सवाल्याला दगड म्हणजे तेवढाच माहीत. खाली ‘सोलापूरच्या सुपुत्राचं नाव आता जगाच्या पाठीवर! बिराजदाराइट!! हार्दिक अभिनंदन!!!’ आणि त्याच्या खाली गॉगल घातलेल्या शुभेच्छुकांच्या दोन रांगा. बाळ अजून पोटात, आणि यांनी बारशाचे पेढे वाटले. दुसऱ्या कुठल्या देशात असं होत असेल असं मला वाटत नाही.

सर रोज संध्याकाळी फिरायला म्हणून सात रस्त्याला जायचे. आम्ही राहतो जुळे सोलापुरात. एवढ्या लांब फिरायला!

मग बाईंचा दुसरा फोन आला. दिवेलागणीची वेळ होती, मी कणीक मळत होते. सरांनी आतून टॅबलेट आणून जेवणाच्या टेबलावर डब्याला टेकवून ठेवला, आणि मला म्हणाले, “तू पण बस. हा ऐतिहासिक क्षण आहे.” मी कणकेच्या हातानं बसले.

बाईंनी नमस्कार केला. मग त्या सावकाश इंग्रजीत बोलल्या. मला मोडकंतोडकं येतं. इतकी वर्षं सरांची भाषणं आरशासमोर चालायची, भांडी घासता घासता कान उघडे असतात माझे. बाई म्हणाल्या, नाव माणसाचं द्यायचं ठरलंय. तो माणूस जिवंत असेल तर त्याची परवानगी लागते. मग म्हणाल्या, “प्रोफेसर, तुमच्या पत्नीला विचारा. हा दगड त्यांनी ओळखून बाजूला ठेवला नसता तर तो मिळालाच नसता. दाक्षायणी यांचं नाव दिलं तर चालेल का?”

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून माणूस निघून गेला. माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, “बाई विचारताहेत, तुझी तब्येत कशी आहे.”

बघू म्हटलं, हा गडी किती लांब जातोय.

सर टॅबलेटकडं वळले. “माय वाइफ इज व्हेरी शाय. ट्रॅडिशनल लेडी. शी इज सेइंग, प्लीज गिव्ह नेम ऑफ हजबंड.”

बाई म्हणाल्या, हे मला त्यांच्या तोंडून ऐकावं लागेल, नियम आहे.

सरांनी टॅबलेटवर हात ठेवून कॅमेरा झाकला. आणि मग, अहो, हा माणूस गयावया करायला लागला. “नाही म्हण. एवढंच कर. तू नाही म्हणालीस की ती मलाच विचारेल. फ्लेक्स लागलाय गं, लोकांना काय तोंड दाखवू? जन्मभर मी याच्यासाठी…” आणि एवढ्यावर थांबले असते तर मी कदाचित विरघळलेही असते, बाईचं मन, काय सांगावं. पण नाही. पुढं म्हणाले, “आणि तुला काय करायचंय गं नाव? दाक्षायणीला कोण ओळखतंय?”

हे मात्र खरं बोलले. दाक्षायणीला कोण ओळखतं? मीच ओळखत नाही.

मी कणकेच्या हातानं त्यांचा हात कॅमेऱ्यावरून बाजूला केला. काचेवर पीठ लागलं. म्हटलं, “मॅडम. नॉट दाक्षायणी.” सर सुटले, खुर्चीत मागं टेकले. मी पुढं म्हटलं, “दाक्षायणी सर गिव्हन. मॅरेज टाइम. माय नेम, मदर फादर नेम, मल्लव्वा. गिव्ह मल्लव्वा. आय से येस.”

बाईंनी नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग स्वतः म्हणून बघितलं, आणि अगदी नीट म्हणाल्या. म्हणाल्या, आमच्या दगडांच्या जगात आधी दिलेल्या नावाचा मान मोठा असतो, नंतर कुणी दुसरं ठेवलं तरी पहिलंच धरतात. मला इतका आनंद झाला की उठून परत कणीक मळायला गेले, नाहीतर रडले असते. लेखी परवानगी रुद्रप्पाच्या पोरीनं टाइप करून पाठवली.

सर पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तसे आधी तरी काय बोलत होते?

मंडळाची मंजुरी आली तेव्हा उन्हाळा लागला होता. आता नाव सगळ्यांना सांगायला हरकत नव्हती. संगमेश पेढे घेऊन धावत आला, सत्काराची तारीख, कार्यालय, सगळं ठरवूनच. “सर, आता खुल्लमखुल्ला! बिराजदाराइट, बरोबर?”

मी चहा गाळत होते. दारातून दिवाणखाना दिसतो. सर म्हणाले, “नाही. मल्लव्वाइट.”

“मल्लव्वा? ह्या कोण, सर?”

मला खरंच वाटलं, आता हा माणूस सांगेल. एवढी वर्षं झाली, एकदा तरी सांगेल. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “माझी आई,” म्हणाले. “मला विचारलं होतं त्यांनी, नाव द्यायचं का म्हणून. मी म्हटलं, माझं नको. माझ्या अव्वाचं द्या.”

संगमेशच्या डोळ्यांत पाणी! त्यानं वाकून सरांच्या पायाला हात लावला.

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली, चहा ओट्यावर सांडला. आईचं! ज्या बाईनं माझं नाव पसंत नाही म्हणून सांगितलं, जिचं स्वतःचं नाव पार्वती होतं, जी वारेपर्यंत मला “आमची दाक्षा” म्हणत राहिली, तिच्या नावावर माझं नाव! एकदा तांदळात बुडवलं, आता दगडात पण बुडवताय? माझा असा संताप झाला की कानशिलं तापली. वाटलं, बाहेर जावं आणि चहाचं पातेलं दोघांच्या डोक्यावर पालथं घालावं.

पण पेढ्यांचा डबा घेऊन आलेल्या संगमेशसमोर मी कशाला तोंड वाजवू? तो बाहेर जाऊन सांगणार काय, तर सरांच्या मिसेसना सासूचा मत्सर. मी चहा नेऊन दिला. हसले पण. मग आत आले, आणि रुद्रप्पाला फोन लावला.

“रुद्रप्पा, रविवारी दुपारी सोलापूरला सत्कार हाय. आपल्या विहिरीतल्या दगडाचा. सगळ्यांना घिऊन ये.”

“सगळी म्हंजी किती गं?”

“जीपमदी बसतील तेवढी.”

सरांनी आपल्या आईचं नाव पुढं केलंय ते मी त्याला सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. त्यानं फक्त यायचं होतं, बाकी त्याचं तोंड करणार होतं.

रविवारी मंगल कार्यालय भरलेलं. स्टेजवर नवा फ्लेक्स, ‘मातृभक्त शास्त्रज्ञ’. सरांचा तोच जुना फोटो, शेजारी सासूबाईंचा हार घातलेला. कुंकू लावलेल्या पाटावर एक दगड, त्याच्यावर हळदीकुंकू, फुलं, पुढं उदबत्ती. तो मल्लव्वाइट नव्हताच. खरा तुकडा परदेशातल्या संग्रहालयात आहे. हा आमच्या कपाटातला स्टिल्बाइट होता, मी सकाळीच पुसून दिलेला. कार्यालयभर हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, वास सुटलेला आणि लोकांचं सगळं लक्ष तिकडं. बायकांच्या बाजूला शेवटच्या रांगेत, चपलांच्या ढिगाशेजारी मी बसले. पुढं बसायला कुणी म्हटलं नाही.

सरांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. सर बोलायला उभे राहिले. “माझी अव्वा निरक्षर होती,” म्हणाले, आणि गहिवरले. सासूबाई सातवी शिकलेल्या, घरातले हिशेब त्याच बघायच्या. “पण तिनंच मला दगडातला देव दाखवला. म्हणून जगानं जेव्हा माझं नाव विचारलं, तेव्हा मी म्हणालो, मल्लव्वा!” टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाई पदरानं डोळे पुसायला लागली. मला हसू आवरेना, मीही पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात मागच्या दारातून आमची मंगळवेढ्याची जीप आत आली. जीप बाहेर थांबली, पण आवाज सगळा आत आला. पुढं रुद्रप्पा, डोक्याला गमजा, मागं भावकीतल्या पाचसात बाया. तो उन्हातून आलेला, डोळे मिचकावत इकडं तिकडं बघितलं, आणि मी दिसले तशी हाक मारली, रानातून मारावी तशी.

“मल्लव्वाऽ! ए मल्लव्वा! हितं चपलांपाशी काय बसलीस गं? दगूड तुजा आन् मानपान दुसऱ्याला व्हय?”

सगळं कार्यालय वळलं.

संगमेशनं माइक हातात घेतला. “काका, बसून घ्या. मल्लव्वा म्हणजे सरांच्या लिंगैक्य झालेल्या मातोश्री…”

“लिंगैक्य?” रुद्रप्पा असा तडकला की आमच्या बाया दोन पावलं मागं सरल्या. “आरं, तुजं तोंड जळो! जितीजागती बसलीय की ही! माजी भन हाय ती. आन् ह्येंच्या आईचं नाव पार्वती व्हतं. माज्या बहिणीला का मारतोस रं?”

कुणीतरी मागून फिसकन हसलं. सर स्टेजवर फेट्यासकट उभे, त्यांची नजर मला शोधत होती. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस मला शोधत होता, आणि तेही वाचवायला ये म्हणून. मी साडी सावरली आणि उठले. चपला ओलांडून, मधल्या वाटेनं, पायऱ्या चढून वर गेले. संगमेशनं माइक नकळत माझ्याकडं दिला.

“मी मल्लव्वा,” मी म्हटलं. “दगड भावाच्या विहिरीतला. उचलला मी, दिला मी, आणि त्याचं नाव माजं हाय. लग्नात सरांनी ते बदललं होतं. बाकी सरांची आई मी न्हाय. पण त्यांचा घोटाळा का झाला ते मला कळतं. इतकी वर्षं ताट आयतं पुढं आलं, धुतलेला शर्ट हातात आला, आजारपणात रात्र रात्र कुणीतरी उशाशी बसलं. माणसाला वाटायचंच, ही आपली आई असंल म्हणून.”

पहिल्यांदा बायका हसल्या. मग पुरुष हसले, जरा दबकत. संगमेश गडबडला आणि सरांच्या अंगावरची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकायला लागला. मी हात आडवा केला.

“उतरलेली शाल नको रे बाबा,” म्हटलं. “घामानं भिजलीय.”

खाली आले आणि आमच्या बायांबरोबर पहिल्या पंगतीला बसले. हुग्गी दोनदा मागून घेतली. इतकी गोड हुग्गी मी आयुष्यात खाल्ली नाही. सर कुठं जेवले, जेवले की नाही, मी बघितलं नाही.

संध्याकाळी रिक्षानं घरी आलो. सर एका कडेला, मी एका कडेला, मध्ये नारळ. फेटा काढून त्यांनी मांडीवर धरलेला. घरापाशी उतरलो, जिना चढलो, दारापुढं उभे राहिलो. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, ती तिथंच असते.

“अगं ए,” सर म्हणाले.

मी दारावरची पाटी वाचत उभी राहिले. विभागप्रमुख, विभागप्रमुख. शेजारच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं.

“दाक्षायणी,” सर खालच्या आवाजात म्हणाले. “दार उघड. लोक बघताहेत.”

मी पर्सला हात लावला नाही. समोरच्या भिंतीवरची पाल बघितली, ट्यूबलाइटला चिकटलेली. सरांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. जिन्यात पावलं वाजायला लागली, कुणीतरी वर येत होतं. फेटा त्यांच्या हातातून सुटून खाली पडला आणि उलगडत दोन पायऱ्या खाली गेला.

“मल्लव्वा,” सर म्हणाले. घसा खाकरला, आणि ज्या बोलीला जन्मभर नाकं मुरडली त्याच बोलीत म्हणाले, “किल्ली तुज्याकडं हाय न्हवं?”

“ओ,” मी म्हटलं. “हाय की.”